वेल दोन पानांवर असतानाच चाळणी होतात? लाल भुंगेऱ्यांचा बंदोबस्त, सोप्या तपासणीपासून अवघड उपायापर्यंत

बी उगवते, दोन जाड हिरवी बीजदले वर येतात आणि खरे पान फुटायच्या आत त्यांना भोके पडतात. औषध मारले की दोन-चार दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. पुढच्या हंगामात तर त्याहून लवकर. काकडी, भोपळा, दोडका, खरबूज, कलिंगड लावणाऱ्यांची ही तक्रार मी इतक्या वेळा निस्तरली आहे की आता कुणाचे वेल बघायला गेलो की आधी बुडाशी वाकतो आणि पाने नंतर बघतो. हा त्रास दिसतो पानावर, पण त्याचे घर वेलाच्या बुडाच्या मातीत असते. नुसत्या पानावर केलेला उपाय म्हणूनच टिकत नाही.

करणारा बहुतेक वेळा एकच असतो: लाल भुंगेरा, शास्त्रीय नाव ऑलॅकोफोरा फोव्हिकॉलिस. पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या क्रायसोमेलिडी कुळातला हा कीटक ६ ते ८ मिमी लांबीचा, लांबट, पाठीने चकचकीत नारिंगी-तांबडा असतो. उलटा केला की पोटाची बाजू काळी दिसते आणि तिच्यावर बारीक पांढुरकी लव असते. आशिया, आफ्रिका, दक्षिण युरोप आणि ऑस्ट्रेलिया एवढा त्याचा पसारा आहे. त्याचे काही भाऊबंद निळसर-काळे किंवा करड्या रंगाचे असतात. त्यांची रीत जवळजवळ हीच, त्यामुळे रंग वेगळा दिसला तरी पुढच्या तपासण्या तशाच करायच्या.

लक्षणे कोणती

सगळ्यात आधी दिसतात ती बीजदलांवरची आणि पहिल्या खऱ्या पानांवरची वेडीवाकडी भोके. ती आरपार असतात, नुसते खरवडल्यासारखी नसतात. पान थोडे मोठे असेल तर आणखी एक खूण सापडते, आणि ती एकदा ओळखता आली की पुढे शंका उरत नाही. पान उजेडासमोर धरा. काही ठिकाणी पानावर गोल चर कोरलेला दिसेल, पण आतला भाग अजून जागेवर असेल, थोडा मलूल झालेला. भुंगेरा आधी स्वतःभोवती गोल कुरतडून तेवढ्या तुकड्याचा उरलेल्या पानाशी संबंध तोडतो आणि मग आतला भाग खातो. या वेलांच्या शिरांमधून चिकट, कडू रस वाहतो. चर पाडला की तो रस घासापर्यंत पोचत नाही. तुम्ही जवळ गेल्यामुळे भुंगेरा अर्ध्यावर उडून गेला असेल तर पानावर नुसतेच वर्तुळ उरते.

पुढची लक्षणे वेल मोठा झाल्यावरची. फुलांच्या पाकळ्या कुरतडलेल्या. एखादा वेल पाणी असूनही माना टाकतो. जमिनीला टेकलेल्या फळाला खालून बारीक छिद्रे पडतात आणि तिथून ते सडायला लागते. ही शेवटची दोन कामे अळीची. भुंगेरा पाने खातो आणि त्याची अळी मुळे, बुडाचे खोड आणि मातीला लागलेले फळ पोखरते. बरेच जण या दोन तक्रारी वेगवेगळ्या समजून दोन वेगळे इलाज करत राहतात.

पहिली तपासणी: खाणारा खरेच तोच आहे का

याला पैसे लागत नाहीत, फक्त वेळ बरोबर निवडावी लागते. भर दुपारी गेलात तर भुंगेरे चाहूल लागताच उडतात आणि तुम्हाला भोकांशिवाय काही दिसत नाही. पहाटे, दव असताना जा. त्या वेळी ते गारठलेले, सुस्त असतात, पानाच्या मागे किंवा बुडाशी बसून राहतात. पान हलक्या हाताने उलटून बघा.

तांबडे भुंगेरे सापडले तर प्रश्न सुटला. नाही सापडले तर इतरांचा विचार करा. पानावर सुकलेला चकाकता चिकट माग असेल तर गोगलगाय. हिरवा भाग खरवडून शिरांची जाळी शिल्लक राहिली असेल आणि जवळ घुमटासारखा, पुष्कळ काळ्या ठिपक्यांचा, मळकट तांबूस भुंगेरा असेल तर तो एपिलॅक्ना. त्याची अळी पिवळी, काटेरी असते आणि पानावरच राहते, म्हणजे त्याचा बंदोबस्त मातीत शोधून उपयोग नाही. पानात पांढऱ्या नागमोडी रेघा असतील तर नागअळी. आणि रोप बुडाशी सरळ कापून आडवे पडले असेल तर रात्री मातीतून वर येणारी कट वर्म, म्हणजे रोपे कापणारी अळी, शोधा.

एक विनंती. लाल रंग दिसला की मारायचे असे करू नका. मावा खाणारा ढालकिडाही लालसर असतो, पण तो अर्धगोल, पाठीवर मोजके ठिपके असलेला असतो. लाल भुंगेरा लांबट असतो आणि त्याच्या पाठीवर एकही ठिपका नसतो. ढालकिडे मारले तर पुढच्या पंधरवड्यात मावा वाढतो आणि त्याच्या मागोमाग विषाणूरोग येतात.

दुसरी तपासणी: रोपाचे वय आणि शेंडा

सगळ्या नुकसानीला उपाय लागतोच असे नाही. दोन बीजदलांच्या मधोमध बघा. तिथे राईएवढा हिरवा कोंब असतो. तो शाबूत असेल तर बीजदलांना दोन-चार भोके पडूनही रोप सावरते. कोंब खाल्ला गेला असेल तर बीजदलांच्या बेचक्यातून नवा फुटवा येऊ शकतो, पण तो उशिरा येतो आणि असा वेल शेजारच्या वेलांमागे पडतो. दांडा बीजदलांच्या खालीच तुटला असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही, कारण त्याच्या खाली फुटायला डोळाच नसतो. तिथे त्याच दिवशी नवे बी टोका.

वेल पाच-सहा खऱ्या पानांवर गेला आणि तणावे पकडू लागला की हिशेब बदलतो. पानांची वाढ भुंगेऱ्यांच्या खाण्याला मागे टाकते. अशा वेलावर काही भोके दिसली म्हणून पंप उचलणारे खूप पाहिले आहेत, आणि त्या फवारणीत मधमाश्या गेल्यामुळे फळधारणा कमी झालेली पाहून जास्त वाईट वाटते. खरी राखण उगवणीपासून पहिल्या साधारण तीन आठवड्यांची. तुमची सगळी मेहनत तिथे लावा.

बीजदलांवरच एवढा हल्ला का, हेही समजून घेण्यासारखे आहे. या कुळातल्या झाडांमध्ये कुकुर्बिटासिन नावाची अतिशय कडू द्रव्ये असतात आणि बऱ्याच वेलांच्या बीजदलांत ती भरपूर असतात. बहुतेक प्राण्यांना ती नकोशी, काहींना विषारी. या भुंगेऱ्यांना मात्र तीच चव खायला उद्युक्त करते. अमेरिकेतले काकडीवरचे भुंगेरे याच मोठ्या गटातले, आणि त्यांच्यावरही हा कडूपणा तसाच काम करतो. काकडीत कडूपणा नसलेले वाण आहेत. त्यांच्याकडे ते अमेरिकी भुंगेरे कमी वळतात, पण पानांचा रस शोषणारा लाल कोळी त्याच वाणांवर जास्त माजतो. कडूपणा काढून टाकला की सगळे सुटेल असे म्हणूनच नाही.

तिसरी तपासणी: आसपास काय उभे आहे

हीच तपासणी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते आणि दरवर्षीच्या त्रासाचे मूळ मला बहुतेकदा इथेच सापडते.

या भुंगेऱ्याची आवडीची झाडे म्हणजे काकडीवर्गीय वेल. तांबडा भोपळा, खरबूज आणि काकडी यांच्यावर तो तुटून पडतो. दुधी, कलिंगड, दोडका, घोसाळे, पडवळ, ढेमसे यांच्यावरही येतो. कारल्याला तो सहसा कमी लागतो. कारल्याच्या पानांतली कडू द्रव्ये वेगळ्या जातीची आहेत आणि ती त्याला खाण्यापासून परावृत्त करतात. म्हणून वेलांमध्ये फक्त कारले हिरवेगार आणि बाकीच्यांची चाळणी, असे चित्र दिसले तर लाल भुंगेऱ्याचा संशय आणखी पक्का होतो.

आता चारी बाजूंनी एक फेरी मारा. संपलेल्या हंगामाचे जुने वेल मांडवावर सुकत लोंबत आहेत का? फेकलेल्या फळांच्या बियांतून आपोआप उगवलेली भोपळ्याची रोपे उकिरड्याजवळ आहेत का? कुंपणाला रानवेल, कडू इंद्रावण, रानकाकडी चढली आहे का? गवत आणि पाचोळ्याचे ढीग आहेत का? थंडीच्या प्रदेशात प्रौढ भुंगेरे थंडीचे महिने अशाच सुक्या वेलांत, तणांत आणि पाचोळ्यात दडून काढतात आणि ऊब आली की बाहेर पडतात. जिथे थंडी फारशी नसते तिथे त्यांना दडायचीही गरज पडत नाही. कुठला तरी वेल हिरवा मिळाला की त्यांची पिढी वर्षभर चालू राहते.

आणि सगळ्यात घातक मांडणी म्हणजे टप्प्याटप्प्याने लागवड करताना नव्या रोपांचा वाफा जुन्या वेलांना लागून घेणे. जुना वेल आता जून, निबर झालेला असतो. त्याच्या बुडातून निघणारे ताजे भुंगेरे हातभर अंतरावरच्या कोवळ्या रोपांवर उतरतात. तक्रार करणारा म्हणतो, “पहिल्या लावणीला काही नव्हते, दुसरी साफ गेली.” पहिल्या लावणीने पोसलेली पिढीच दुसरीवर आलेली असते.

उपाय साधा. तोडा संपला की वेल त्याच आठवड्यात मुळासकट उपटून हलवा, आपोआप उगवलेली रोपे काढा, आणि नवा वाफा शक्य तितका दूर घ्या. भुंगेरा चांगला उडतो, त्यामुळे जागा बदलून तो पूर्ण थांबणार नाही. पण पहिल्या तीन आठवड्यांत येणाऱ्यांची संख्या कमी झाली तरी रोपांना सावरायला वाव मिळतो.

चौथी पायरी: हाताने वेचणे

बाग छोटी असेल, वेलांची आळी मोजकी असतील, तर यापुढे जायची गरज बऱ्याचदा पडत नाही. पसरट भांड्यात पाणी घ्या, त्यात थोडा साबण विरघळवा. पहाटे भांडे पानाखाली धरून पान बोटाने टिचकावा. सुस्त भुंगेरा खाली पडतो आणि साबणामुळे पाण्याचा ताण मोडलेला असल्याने तरंगत न राहता बुडतो. नुसत्या पाण्यातून तो चढून निघून जाऊ शकतो, म्हणून साबण हवाच.

उगवणीनंतर रोज पहाटे हे करा, दोन आठवडे न चुकता. मध्ये सोडून दिलेत तर फायदा दिसणार नाही. माद्या खाऊन-पिऊन मातीत अंडी घालायला उतरण्याआधी उचलल्या तरच पुढची पिढी घटते. एक मादी आयुष्यात दीडशे ते तीनशे अंडी घालू शकते, तेव्हा सुरुवातीला वेचलेल्या चार माद्यांची किंमत महिन्याने वेचलेल्या शंभर भुंगेऱ्यांपेक्षा जास्त आहे.

पिवळे चिकट सापळे लावावेत का, असे विचारतात. काही भुंगेरे त्यावर अडकतात हे खरे, पण फुलोऱ्यात मधमाश्याही अडकतात. मी ते फक्त फुले येण्याआधी आणि फक्त किती येत आहेत याचा अंदाज घ्यायला लावतो.

पाचवी पायरी: राख

लाकडाची, पूर्ण थंड झालेली, चाळलेली, कोरडी राख पहाटे दवावर पानांवर भुरभुरवली की ती चिकटते आणि भुंगेऱ्याला ते पान खायला नको होते. उपाय जुना आहे आणि पहिल्या दोन आठवड्यांपुरता कामाचा आहे. त्याच्या मर्यादा मात्र आधीच समजून घ्या. पाऊस आला किंवा वरून पाणी दिले की राख धुऊन जाते, पुन्हा टाकावी लागते. राख अल्कधर्मी असते, तेव्हा मुठीने ओतू नका. पातळ थर पुरे. जमीन आधीच चोपण किंवा चुनखडीची असेल तर जपून. कोळशाची किंवा प्लास्टिक-कचरा जाळलेली राख खाण्याच्या पिकावर अजिबात नको.

राखेत रॉकेल मिसळायचा सल्लाही ऐकायला मिळतो. कोवळ्या बीजदलांना रॉकेल भाजते, म्हणून मी ते कुणाला सुचवत नाही. तसेच गंधकाची भुकटी. काकडीवर्गीय वेल गंधकाला नाजूक असतात, विशेषतः उन्हात, आणि भुंगेऱ्याच्या भोकांपेक्षा गंधकाने करपलेली पाने जास्त नुकसान करतात.

सहावी पायरी: जाळी, आणि जाळी फसते कुठे

रोपांवर मच्छरदाणीच्या विणीची जाळी किंवा क्रॉप कव्हर, म्हणजे पिकावर घालायचे पातळ कापड, टाकणे हा पहिल्या तीन आठवड्यांसाठी मला माहीत असलेला सगळ्यात भरवशाचा उपाय. भुंगेरा एवढ्या आकाराचा आहे की साधी मच्छरदाणीची वीणही त्याला पुरते. तारेच्या किंवा वेताच्या कमानी करून जाळी पानांना टेकणार नाही अशी ताणा आणि कडा मातीत पुरा. कडेला नुसते दगड ठेवले तर मधल्या फटीतून ते चालत आत जातात.

तरीही “जाळी होती, तरी खाल्ले” असे सांगणारे भेटतात. तिथे मी एकच प्रश्न विचारतो: या जागेवर मागच्या दोन महिन्यांत कुठला वेल होता? उत्तर “काकडीच होती” असे आले की कोडे उलगडते. मातीत कोषात असलेले भुंगेरे जाळीच्या आतच बाहेर पडले. त्यांना आयते जेवण मिळाले आणि पळायला वाट नव्हती. जाळी नेहमी अशा जमिनीवर लावा जिथे किमान महिना-दीड महिना काकडीवर्गीय काही नव्हते.

मादी फुले दिसू लागली, म्हणजे फुलाच्या देठाशी चिमुकले फळ असलेली फुले, की जाळी काढायची. मधमाशी आत गेली नाही तर ते चिमुकले फळ पिवळे पडून गळते आणि लोक पुन्हा दोष किडीला देतात. परागीभवनाशिवाय फळ धरणारे काकडीचे काही वाण याला अपवाद आहेत.

सातवी तपासणी: वेलाच्या बुडाची माती

मोठा वेल सुकत असेल तर इथे यायचे. आधी संध्याकाळी आणि दुसऱ्या पहाटे बघा. दुपारी मलूल होऊन संध्याकाळी ताठ होत असेल तर ती उन्हाची तक्रार आहे. पहाटेही पडलेला असेल तर मुळाशी काही बिघडले आहे.

सगळ्यात वाईट दिसणारा एक वेल निवडा आणि तो गमवायची तयारी ठेवा. बुडाभोवती वीतभर अंतरावरून खुरप्याने माती सैल करत आत या. ओढून काढू नका, मुळे तुटून पुरावा मातीतच राहतो. खोडाच्या जमिनीखालच्या भागावर खड्डे, बोगदे, भुसा दिसतो का बघा. अळी पांढुरकी-पिवळसर, सडपातळ, साधारण एक सेंटिमीटर लांब, डोके तपकिरी. कधी ती खोडाच्या आत असते, म्हणून खोड उभे चिरा.

चिरल्यावर बोगदा नाही, पण आतल्या नळ्यांत तपकिरी रेघा वर चढत गेल्या आहेत असे दिसले तर तो बुरशीचा मर रोग. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे अतिसूक्ष्म कृमी. बुडाशी पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे असतील तर खोडकुज. या तिघांवर भुंगेऱ्याचा कुठलाही उपाय चालणार नाही, म्हणून हे खोदणे टाळू नका.

अळ्या सापडल्या तर जीवनक्रम लक्षात घेऊन वागायचे. मादी बुडाजवळच्या ओलसर मातीत अंडी घालते. अंडी साधारण १ ते २ आठवड्यांत उबतात. अळी २ ते ३ आठवडे मुळे खाते. मग ती २० ते २५ सेंटिमीटर खोल जाऊन मातीच्या घरट्यात कोष करते आणि १ ते २ आठवड्यांत भुंगेरा वर येतो. म्हणजे ऊबदार दिवसांत सारा फेरा महिन्याभरात किंवा थोड्या जास्त दिवसांत पुरा होतो, आणि वर्षात ५ ते ८ पिढ्या होऊ शकतात. तीन महिने उभा राहणारा एक वेल दोन पिढ्या तरी सहज पोसतो. पानावरची फवारणी लागते ती फक्त त्या दिवशी वर असलेल्या भुंगेऱ्यांना. अंडी, अळ्या आणि कोष खालीच सुरक्षित राहतात, आणि आठवड्याभरात नवी तुकडी हजर होते.

यावरूनच मातीतले उपाय निघतात. अंड्यांना आणि नुकत्या निघालेल्या अळीला ओल लागते, म्हणून वेल स्थिरावला की खोडाला लागून पाणी तुंबवू नका. पाणी थोडे दूर, मुळांच्या पसाऱ्यावर द्या आणि बुडालगतची वरची माती मध्ये मध्ये सुकू द्या. हलकी खुरपणी करत राहा. जमिनीवर टेकणाऱ्या फळांखाली सुके गवत, पेंढा किंवा फळी द्या, किंवा वेल मांडवावर चढवा. पीक निघाल्याबरोबर जमीन खोल नांगरा किंवा कुदळीने उकरा. उलथलेल्या अळ्या आणि कोष उन्हाने मरतात, पक्षी टिपतात. मग त्या जागी एक हंगाम वेल नको. मका, भेंडी, पालेभाजी, कडधान्य काहीही घ्या. अळ्या काकडीवर्गीयांच्या मुळांवर पोसतात आणि ती मुळे नसली की उपाशी मरतात.

दरवर्षी त्रास होणाऱ्या ठिकाणी ही एकच गोष्ट, म्हणजे वेल वेळेवर काढणे आणि जमीन लगेच उलथणे, न चुकता केली तर पुढच्या हंगामात फरक दिसतो.

आठवी पायरी: रोपे, जास्तीचे बी आणि आमिष

थेट बी टोकण्याऐवजी जाळीखाली ट्रेमध्ये किंवा पिशवीत रोपे करून दोन-तीन खऱ्या पानांवर लावली तर सगळ्यात नाजूक काळ संरक्षणात जातो. काकडीवर्गीय मुळे दुखावलेली सहन करत नाहीत, म्हणून मातीचा गोळा फुटू न देता लावा आणि रोपे ट्रेमध्ये फार दिवस अडकवून ठेवू नका. थेटच टोकायचे असेल तर प्रत्येक आळ्यात दोन-तीन बिया जास्त घाला आणि धोका टळल्यावर विरळणी करा.

आमिष म्हणून कडेला भोपळ्याची चार रोपे आठवडाभर आधी लावता येतात. भुंगेरे आधी तिकडे जमतात. पण तिथे रोज पहाटे जाऊन ते वेचणार असाल तरच हे करा. वेचले नाहीत तर तुम्ही त्यांची पैदास करून देत आहात.

नववी पायरी: निंबोळी अर्क

इथपर्यंतचे सगळे करूनही रोपे जात असतील तर ५ टक्के निंबोळी अर्क. १० लिटर पाण्यासाठी वाळलेल्या निंबोळ्यांच्या मगजाची अर्धा किलो भुकटी थोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून नीट पिळून गाळा, चिमूटभर साबण घालून पाणी १० लिटर करा. हा अर्क भुंगेऱ्याला तिथल्या तिथे मारत नाही, खाण्यापासून परावृत्त करतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी मेलेले भुंगेरे शोधू नका. नवी भोके पडायची थांबली का ते बघा. त्यासाठी फवारणीनंतर एका पानावरच्या भोकांना पेनाने खूण करून ठेवा, म्हणजे जुने-नवे लगेच कळते.

त्यातले अॅझाडिरॅक्टिन, म्हणजे निंबोळीतले काम करणारे द्रव्य, उन्हाने लवकर निकामी होते, म्हणून संध्याकाळीच फवारा आणि पानाची मागची बाजूही भिजवा. अर्क त्याच दिवशी वापरा. आठवड्याने, किंवा पाऊस झाल्यास त्याआधी, पुन्हा मारावा लागतो. अगदी कोवळ्या रोपांवर आधी एका पानावर मारून एक दिवस थांबा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

रासायनिक कीटकनाशक हा माझ्या यादीतला असा टप्पा आहे जिथे मी स्वतः नावे सांगत नाही. कारणे स्पष्ट आहेत. काकडी, दोडका, दुधी यांचे तोडे दर दोन-तीन दिवसांनी चालू असतात, आणि फवारणीनंतर किती दिवस फळ तोडायचे नाही हे औषधागणिक बदलते. वेलांची फुले मधमाश्यांवर अवलंबून असतात आणि बहुतेकांची ती सकाळी उमलतात, त्याच वेळी फवारा मारला तर पीक आणि मधमाश्या दोन्हीचे नुकसान. शिवाय जुन्या पुस्तकांतली आणि तोंडी सल्ल्यांतली बरीच नावे आता वापरायचीच नाहीत. या भुंगेऱ्यावर सर्रास सांगितल्या जाणाऱ्या कार्बारिलवर भारतात २०१८ मध्ये बंदी आली आणि डायक्लोरव्हॉसवर २०२० च्या अखेरीपासून. घरात उरलेली जुनी पुडी किंवा बाटली कुणी दिली तरी घेऊ नका. आळ्यात दाणेदार औषध टाकायचा सल्ला मिळाला तर तोही कृषितज्ज्ञाला विचारल्याशिवाय पाळू नका. मुळातून शोषले गेलेले औषध फळापर्यंत जाऊ शकते आणि धुऊन निघत नाही.

आणखी काही वेळा थेट तज्ज्ञाकडे जा. अर्ध्याहून जास्त रोपे कोंबासकट गेली असतील आणि दुसऱ्यांदा टोकलेलेही जात असेल. वेल सुकत आहेत पण खोदल्यावर अळी सापडत नाही. पानांवर पिवळे-हिरवे पट्टे, सुरकुत्या, शेंडा आखडणे दिसते, म्हणजे विषाणूरोगाची शंका आहे. किंवा भुंगेऱ्याचा रंग-आकार वर सांगितल्याशी जुळत नाही.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. झाकणाच्या बाटलीत चार-पाच भुंगेरे, ओल्या कागदात गुंडाळलेले मुळासकट एक रोप, पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि आतापर्यंत काय काय मारले त्याच्या वेष्टनांचे फोटो बरोबर न्या. पेरणीची तारीख आणि त्या जागेवर आधी कोणते पीक होते हे लिहून न्या. ही शेवटची माहिती तज्ज्ञ बहुधा सगळ्यात आधी विचारतात.